मस्तिष्काघात-नोंदणी, लोकसंख्याधिष्ठित
मस्तिष्काघात-नोंदणी, लोकसंख्याधिष्ठित : निश्चित सीमांच्या प्रदेशात राहणाऱ्या व संख्या ज्ञात असलेल्या लोकसमूहात ठराविक काळात उद्‌भवणाऱ्या मस्तिष्काघाताच्या सर्व नव्या रुग्णांची पद्धतशीर नोंद. मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी अवरुद्ध झाल्याने वा फुटल्याने मेंदूच्या कार्यात एकाएकी बिघाड होतो, त्यास मस्तिष्काघात म्हणतात. शरीराची एक बाजू लुळी पडणे हे त्याचे ठळक लक्षण असल्याने व्यवहारात त्यास पक्षाघात, अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार लक्षणे २४ तासांपेक्षा अधिक टिकली किंवा त्यांतून मृत्यू ओढवला आणि रक्तवाहिनीतील दोषाखेरीज अन्य कारण दिसले नाही, तर तो मस्तिष्काघात समजतात.

रुग्णालयातील आकडेवारी या कामी अपुरी पडते. रुग्णालयात किती रुग्ण आले हे तीवरून कळते. परंतु ते किती लोकसंख्येतून आले, घरीच किती दगावले व सौम्य आघात झालेले किती जण उपचारांसाठी आलेच नाहीत, हे कळत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने तीन पायऱ्यांची पद्धत सुचविली आहे. पहिल्या पायरीत रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण, दुसरीत रुग्णालयाबाहेर झालेले मृत्यू व तिसरीत रुग्णालयात न गेलेले, परंतु जगलेले रुग्ण नोंदविले जातात. साधने मर्यादित असलेल्या देशांना पहिल्या पायरीपासून आरंभ करून क्रमाने पुढे जाता येते. तथापि नव्या रुग्णांचे खरे प्रमाण तिन्ही पायऱ्या पूर्ण झाल्यावरच काढता येते.

मुंबईतील कार्य : एन्. ई. भरूचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन पाहणी केली. या पाहणीत त्या वेळी हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण दर लाखास ८४२ आढळले. नव्या रुग्णांचा मागोवा घेणारी मुंबईची नोंदणी पी. एम्. दलाल व सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या वरील पद्धतीने २००५ व २००६ या दोन वर्षांत केली. पडताळून पाहता येईल अशी १,५६,८६१ कायम रहिवाशांची लोकसंख्या तिच्यासाठी आधारभूत धरली होती. प्रथमच आघात झालेले ४५६ रुग्ण (२३८ पुरुष व २१८ स्त्रिया) आढळले. म्हणजे दरवर्षी दर लाखास सु. १४५. त्यांपैकी ४०७ रुग्णांच्या मेंदूचे सीटी स्कॅन चित्रण झाले होते. ३६६ रुग्णांत वाहिनी अवरुद्ध झालेली होती, ८१ रुग्णांत रक्तस्राव झाला होता व ९ रुग्णांत प्रकार निश्चित करता आला नाही. सु. ३०% रुग्ण २८ दिवसांच्या आत मरण पावले. त्याच सुमारास तिरुवनंतपुरम येथील नोंदणीत वयानुसार समायोजित प्रमाण शहरी भागात १३५ व ग्रामीण भागात १३८, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले. परंतु २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण शहरात २४·५%, तर ग्रामीण भागात ३७·१% होते.

अडचणी : नोंदणीचे अचूकपण अंशाइतकेच छेदावरही अवलंबून असते. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील साकीनाका परिसर हे याचे उदाहरण म्हणून घेता येईल. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या ‘एल’ प्रभागातील या भागात दाट झोपडवस्ती व खैरानी रस्त्यालगतचे लहान कारखाने असून कामगारवर्गात परप्रांतीयांचा भरणा मोठा आहे. भाड्याची खोली बदलताच मनुष्य नोंदणीक्षेत्राबाहेर जातो. हातपाय लुळे पडलेल्या कामगारास पुष्कळदा गावी नेले जाते. त्याचा मृत्यू तेथे नोंदविला जातो व मुंबईच्या गणनेतून तो निसटतो. रुग्णास कुर्ल्याचे भाभा, घाटकोपरचे राजावाडी किंवा शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय यांपैकी कोठेही नेले जाण्याची शक्यता असल्याने क्षेत्राबाहेरील रुग्णालयांची दप्तरेही तपासावी लागतात. एकच रुग्ण दोन ठिकाणी नोंदला गेल्यास संख्या फुगते. वस्तीत तरुणांचे प्रमाण जास्त असल्यास स्थूल प्रमाण कमी दिसते. म्हणून तुलनेपूर्वी वयानुसार समायोजन आवश्यक ठरते. २०२१ मध्ये व्हावयाची जनगणना त्या वर्षी न झाल्याने छेदाची अनिश्चितता वाढली.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये मृत्यूची नोंद सक्तीची आहे. परंतु घरी झालेल्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडणे’ एवढेच लिहिले असल्यास मूळ रोग कळत नाही. अशा वेळी प्रशिक्षित कार्यकर्ता कुटुंबीयांना अखेरच्या दिवसांतील लक्षणे विचारून कारण ठरवितो. यासाठी वस्तीचा विश्वास संपादन करावा लागतो व तो एका भेटीत मिळत नाही.

उपयोग : वाहिनी अवरुद्ध झाली असल्यास गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सीटी स्कॅन यंत्रे, रुग्णवाहिका व पुनर्वसन केंद्रे कोठे हवीत आणि उच्च रक्तदाबावरील नियंत्रणाने आघात घटले की नाही, हे केवळ अशा नोंदणीवरूनच ठरविता येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या बंगळूरु येथील राष्ट्रीय केंद्राच्या कार्यक्रमात कटक, वाराणसी, तिरुनेलवेली, कोटा व कछार येथे लोकसंख्याधिष्ठित नोंदण्या करण्यात आल्या. जो रुग्ण गणनेत येत नाही, त्याच्यासाठी खाटेची वा औषधाची तरतूदही होत नाही. म्हणून दाट व अस्थिर वस्त्यांचा समावेश ही अशा नोंदणीची खरी कसोटी होय.