दिनविशेष फळ्यावर नको, घरात हवा

मार्च महिन्यातील गोष्ट. आमच्या सापगावातील चौथीत शिकणारी एक मुलगी शाळेतून आली आणि खांद्यावरचे दप्तरही न काढता आईला म्हणाली, "आई, आज चिमणी दिन आहे. मला एक भांडं दे." आई नुकतीच पाण्याच्या दोन खेपा करून टेकली होती. ती म्हणाली, "माणसांचं पाणी भरता भरता कंबर मोडली, आता चिमण्यांचंही भरू का?" मुलगी गप्प बसली. संध्याकाळी आम्ही काही कामाने त्या घरी गेलो, तेव्हा परसात फुटक्या माठाचे बूड ठेवलेले दिसले. त्यात ओंजळभर पाणी होते. ते आईनेच ठेवले होते.

त्या ओंजळीने आम्हांस विचार करायला लावले. अलीकडे रोज कुठला ना कुठला दिन असतो. शाळेच्या फळ्यावर तो खडूने लिहितात, मोबाईलवर त्याचे चित्र येते, आपण ते अंगठ्याने दुसऱ्याकडे ढकलतो, आणि फळा पुसला की दिन संपतो. आमचे म्हणणे इतकेच की, दिन लहान असो वा मोठा, त्या दिवशी घरात एक काम झाले तरच तो साजरा झाला म्हणावे. नाही तर ती नुसती तारीख.

हे शहाणपण आम्हांस आमच्याच चुकीतून आले. एका वर्षी वस्तीत आम्ही ८ मार्चचा महिला दिन केला. भगिनींनी दुपारपासून पोहे केले, चहा केला, सतरंज्या अंथरल्या. मग आम्ही चार पुरुषांनी स्त्रीच्या कष्टांवर दीड तास भाषणे केली. भाषणे संपली तेव्हा भगिनी मागे भांडी घासत होत्या. एक आजी जाता जाता म्हणाल्या, "आजचा दिवस कुणाचा होता रे?" आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढल्या वर्षी पोहे पुरुषांनी केले. ते खाली लागले होते, पण भगिनींनी बसून खाल्ले.

तेव्हापासून कोणताही दिन करण्याआधी आम्ही तीन प्रश्न विचारतो. यात कर्ज किंवा वर्गणी काढावी लागते का? यात राबणार कोण? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय उरणार? पहाटे आसनगावहून लोकल धरणाऱ्या आणि रात्री परतणाऱ्या माणसाला जेवणानंतरचा अर्धा तासच मिळतो. त्या अर्ध्या तासात बसतील असे काही दिवस पुढे देत आहोत.

२० मार्च : चिमणी, आनंद आणि पाणी

जागतिक चिमणी दिन परदेशातून आलेला नाही. नाशिकचे महंमद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी यांच्या पुढाकाराने २०१० पासून तो पाळला जाऊ लागला. कौलारू घरात वासे आणि आढे यांच्या बेचक्यात चिमणीला जागा असे. स्लॅबच्या घरात ती राहिली नाही. उथळ भांड्यात पाणी सावलीला ठेवावे, एक दिवसाआड भांडे घासावे. लाकडी फळ्यांची पेटी करून तिला सव्वा-दीड इंचाचे भोक पाडले, तर घरटे करायलाही जागा होते.

हाच दिवस संयुक्त राष्ट्रांनी २०१२ साली आनंद दिन ठरवला. आणि हीच महाडची तारीख. मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दोन झाले, पण तहानलेल्याच्या ओंजळीत थेंब आला नाही. तो आला २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या मागून माणसे स्वतःच्या पायांनी तळ्यावर चालत गेली तेव्हा. कागदावरचा दिवस आणि केलेला दिवस यांतील अंतर मुलांना सांगायला याहून चांगले उदाहरण नाही.

दोन दिवसांनी, २२ मार्चला, जागतिक जल दिन येतो. तो १९९३ पासून पाळतात. आमच्या गावाजवळून भातसा वाहते. तिच्यावरील धरणातून मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा जातो. १८९२ साली पुरे झालेले तानसाही आमच्याच शहापूर तालुक्यात. तरीही तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. म्हणून या दोन दिवसांत मुलांना एकच काम द्यावे. घरात दिवसाला किती हंडे लागतात आणि प्रत्येक हंडा कोणी आणला, याच्या रेघा कागदावर ओढायला सांगाव्यात. रात्री तो कागद सर्वांसमोर वाचावा. भाषणाची गरज उरत नाही.

१५ ऑक्टोबर : आधी हात धुवा, मग पुस्तक धरा

या तारखेला दोन दिवस जोडून आले आहेत. २००८ पासून जगभर हात धुण्याचा दिवस पाळतात. आणि डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस म्हणून महाराष्ट्रात २०१५ पासून हाच वाचन प्रेरणा दिन आहे. रामेश्वरमला लहानपणी वर्तमानपत्रे वाटणारा हा मुलगा पुढे राष्ट्रपती झाला. करायचे काय? जेवणाआधी सर्वांनी साबणाने, वीस अंक मोजेपर्यंत, हात चोळून धुवावेत. जेवणानंतर घरातील सर्वांत लहान वाचणाऱ्याने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्या दिवशी पुढे बसवावे.

३० ऑक्टोबर : बचत दिन

१९२४ साली इटलीतील मिलान शहरात बचत बँकांची परिषद भरली, तिच्यातून हा दिवस निघाला. इतरत्र तो ३१ ऑक्टोबरला असतो, आपल्याकडे ३० ला. आम्ही बी.कॉम. झालेलो, दिवसभर दुसऱ्यांची किर्द-खतावणी लिहितो. पण घरचा हिशेब आम्ही कधी लिहिला नव्हता. तो सारा मुलांच्या आईच्या डोक्यात. एका बचत दिनी सगळे जेवून बसलो. तिने महिन्याचा खर्च तोंडी सांगितला, थोरल्याने लिहिला. किराणा, दूध, वीज, लोकलचा पास. शेवटी ती म्हणाली, "आणि तुमची तंबाखू." बेरीज झाली, तेव्हा तंबाखूचा आकडा धाकटीच्या शिकवणीच्या फीपेक्षा मोठा निघाला. कोणी काही बोलले नाही. मुलगी मात्र आमच्याकडे बघत राहिली. ती पुडी त्यानंतर घरात आली नाही.

ज्या घरात दहा वर्षांखालील मुलगी आहे, तिथे पोस्टात सुकन्या समृद्धीचे खाते अडीचशे रुपयांत उघडता येते. मूल दहा वर्षांचे झाले की स्वतःच्या नावावर पोस्टात बचत खाते काढून स्वतः सही करू शकते. त्या दिवशी मुलाला हात धरून पोस्टात न्यावे. सुट्टी असली तर आदल्या दिवशी.

७ नोव्हेंबर : ट्रंक उघडण्याचा दिवस

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा विद्यार्थी दिवस पाळते. शाळांत कार्यक्रम होतात ते ठीकच. पण घरी काय करावे? जुनी ट्रंक उघडावी. शाळा सोडल्याचे दाखले, फाटकी प्रगतिपुस्तके बाहेर काढावीत. आपल्या घरात पहिली सही कोणी केली, आणि तिच्यासाठी कोणी काय सोसले, हे मोठ्यांनी सांगावे.

आमच्या वस्तीतील एका आजींनी साक्षरता वर्गात, उतारवयात, सही शिकून घेतली. त्या सांगतात, "पेन्शनच्या दिवशी साहेबानं शाईचा पॅड पुढं केला. मी तो मागं सारला, म्हटलं पेन द्या." नातवंडांना ही गोष्ट पाठ आहे. दाखल्यांना प्लास्टिकची पिशवी घालून, त्यांची झेरॉक्स काढून ट्रंक बंद करावी. कागद हरवले म्हणून कचेरीत खेटे घालणारे आम्ही रोज पाहतो.

१९ नोव्हेंबर : पुरुषांचा आणि संडासाचा

वाचकहो, हसू नका. १९ नोव्हेंबर हा आंतरराष्ट्रीय पुरुष दिन आहे आणि हाच जागतिक शौचालय दिनही आहे. शौचालय दिनाला संयुक्त राष्ट्रांनी २०१३ साली मान्यता दिली. त्याच वर्षी आपल्या संसदेने हाताने मैला साफ करवून घेण्यास बंदी घालणारा नवा कायदा केला. दोन्ही दिवस साजरे करण्याचा उपाय एकच : त्या दिवशी घरातील कर्त्या पुरुषाने संडास धुवावा. मुलाने बघावे आणि पुढल्या आठवड्यात त्याने धुवावा. घाण सर्वांनी करायची आणि ती काढायची कोणी एकानेच, ही रीत मोडायला भाषणापेक्षा ब्रश बरा. आम्ही पहिल्या वर्षी दार लावून धुतला. दुसऱ्या वर्षी दार उघडे ठेवले.

सगळे दिवस सगळ्यांनी करावेत असे आमचे म्हणणे नाही. वर्षातून दोनच निवडा. कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा आणि बाजूला काम लिहा. खर्च नाही, बॅनर नाही, पाहुणा नाही. दुसऱ्या दिवशी काही उरले का, एवढे मात्र तपासा.

त्या परसातील बुडाचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. आठ दिवस चिमणी आली नाही. आधी कावळा आला, मग साळुंक्या. मुलगी हिरमुसली, पण पाणी बदलत राहिली. जल दिनाला तिने हंड्यांच्या रेघा ओढल्या. आईच्या नावासमोर अकरा, तिच्या स्वतःच्या नावासमोर तीन, आणि नववीतल्या भावाच्या नावासमोर एकही नाही. कागद बापाने वाचला. आता सकाळच्या दोन खेपा भाऊ करतो. चिमण्याही येऊ लागल्या आहेत.