चषक आणि प्रेक्षक

राष्ट्रीय संघांच्या आंतरखंडीय फुटबॉल चषकाचा जन्म १ जून २०१८ रोजी आपल्याच राज्यात, मुंबईच्या अंधेरी येथे झाला. भारताने चिनी तैपेईस ५-० ने नमविले. पण प्रेक्षक जेमतेम अडीच हजार! टीका करावयास का होईना, पण मैदानावर या, अशी विनवणी कर्णधार सुनील छेत्री यांना करावी लागली. ४ जूनला, त्यांच्या शंभराव्या सामन्यास, मैदान तुडुंब भरले. १० जूनला केनियावर २-० ने मात करून भारताने चषक जिंकला.

स्पर्धेस जन्म संघटना देते. तिला जगवितो प्रेक्षकच, असे आम्हांस वाटते. गोंदियाकरांनीही आपल्या मुलांच्या सामन्यांस आवर्जून जावे. रिकाम्या मैदानावर खेळाडू घडत नसतात.