मुलांना रॉक संगीताची आवड का लागते? पालकांनी कशाची काळजी करावी?

आठवी-नववीतला मुलगा किंवा मुलगी अचानक मेटालिका, निर्वाणा ऐकू लागते. खोलीचं दार बंद, कानात हेडफोन. "डॉक्टर, या गोंगाटामुळे डोक्यावर परिणाम तर होणार नाही ना?" असं अनेक पालक विचारतात. ही आवड कशी तयार होते ते समजून घेतलं, तर काळजी नेमकी कशाची करायची हे लक्षात येईल.

सुरुवात घरातूनच होते

गर्भातल्या बाळाला साधारण सहाव्या महिन्यापासून आवाज ऐकू येऊ लागतात. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये दाखवून दिलं. संगीतालाही हे लागू पडतं. तुम्ही स्वतः नव्वदच्या दशकात एमटीव्ही पाहत किंवा कॅसेटवर रॉक ऐकत मोठे झाला असाल, तर तीच गाणी गाडीत ऐकत तुमची मुलंही मोठी झाली आहेत.

किशोरवयात मेंदूत काय घडतं?

आवडतं गाणं ऐकताना मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील 2011 च्या संशोधनात असं दिसलं की, गाण्यातला आवडता क्षण येण्याआधी, म्हणजे त्याची वाट पाहतानाच, डोपामिन वाढू लागतं. हळू सुरू होऊन ड्रम आणि गिटारसोबत चढत जाणारं रॉक गाणं अशी वाट पाहायला लावतं.

किशोरवयात मेंदूचा हा आनंद देणारा भाग फार संवेदनशील असतो. भावनांना लगाम घालणारा पुढचा भाग मात्र पंचविशीपर्यंत परिपक्व होत राहतो. म्हणून या वयात गाणं मनाला जास्त भिडतं. साधारण 10 ते 30 या वयातल्या आठवणी पुढे आयुष्यभर ठळक राहतात. चाळिशीतही आपल्याला कॉलेजमधलीच गाणी जवळची वाटतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

यात मित्रांचाही वाटा मोठा असतो. या वयात मुलं आई-वडिलांपेक्षा वेगळी अशी स्वतःची ओळख शोधत असतात. बँडचा टी-शर्ट, एकत्र ऐकलेलं गाणं किंवा नवी गिटार यांतून "मी यांच्यातला आहे" ही भावना मिळते. ही वाढीची नैसर्गिक पायरी आहे.

रॉकमुळे मुलं चिडखोर होतात का?

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाने 2015 मध्ये हेवी मेटलसारखं संगीत ऐकणाऱ्या 39 जणांचा अभ्यास केला. आधी त्यांना राग येईल असे प्रसंग आठवायला लावले, मग त्यांचं आवडतं संगीत ऐकवलं. संगीतामुळे राग भडकला नाही, उलट त्यांना उत्साह वाटला. अभ्यास लहान आहे, पण "हे संगीत ऐकलं की मुलं बिघडतात" या समजाला तो आधार देत नाही.

खरा धोका आवाजाच्या पातळीचा

आपल्या आतील कानात ध्वनी टिपणाऱ्या अतिसूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या, तर माणसात पुन्हा तयार होत नाहीत. 'द हू' बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी स्वतःच्या कमी झालेल्या श्रवणशक्तीबद्दल जाहीरपणे सांगितलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्याला सुरक्षित मर्यादा साधारण अशी:

- 80 डेसिबल: 40 तास
- 90 डेसिबल: 4 तास
- 100 डेसिबल: 20 मिनिटे

लहान मुलांसाठी 40 तासांची मर्यादा 75 डेसिबललाच लागू होते. म्हणजे आवाज थोडा वाढवला, तरी सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होतो.

घरी काय कराल?

- फोनचा आवाज 60 टक्क्यांच्या आत ठेवा. फोनमध्ये आवाजाची मर्यादा ठरवण्याची सोय असेल, तर ती वापरा.
- लोकल किंवा बसमध्ये बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवला जातो. बाहेरचा आवाज रोखणारे हेडफोन तिथे उपयोगी पडतात.
- कॉन्सर्टमध्ये स्पीकरपासून लांब उभे राहा, इअरप्लग वापरा आणि अधूनमधून शांत जागी जा.
- मूल ड्रम किंवा इलेक्ट्रिक गिटार वाजवत असेल, तर सरावातही इअरप्लग हवेतच.

डॉक्टरांकडे कधी जावं?

कानात शिट्टीसारखा किंवा गुणगुण आवाज येणं, कान बंद झाल्यासारखे वाटणं, गर्दीत बोलणं नीट न समजणं, अशी लक्षणं एक-दोन दिवसांत गेली नाहीत, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवण चाचणी करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी दाखवा. अशा वेळी उपचाराला उशीर झाला तर ऐकू येणं परत मिळण्याची शक्यता कमी होते.

मूल सतत उदास असेल, मित्रांपासून तुटलं असेल, झोप-जेवण बिघडलं असेल किंवा मरणाची भाषा करत असेल, तर गाण्यांना दोष देत थांबू नका. त्याच्याशी बोला आणि लगेच वैद्यकीय सल्ला घ्या.

बाकी, मुलाला त्याचं आवडतं गाणं तुम्हालाही ऐकवायला सांगा. आवाज किती ठेवायचा, हे बोलणं त्यानंतर सोपं जातं.