भुईनिंबाचे कडू पाणी : घरगुती रीत आणि तिच्या मर्यादा

तुमसर रोडहून निघालेला रेल्वेचा फाटा बालाघाट जिल्ह्यातील तिरोडीपर्यंत टाकला गेला, तो मुख्यतः मँगनीजच्या खाणीसाठी. खाणीपलीकडे मात्र साग, मोह, बेहडा यांचे रान पसरलेले आहे. पावसाळा सरत येताच या रानात, तसेच शेताच्या कुंपणाकडेला सावलीत, गुडघाभर उंचीचे एक झुडूप फुलावर येते. त्यास हिंदीत कालमेघ व मराठीत भुईनिंब अथवा ओले किराईत म्हणतात. याच दिवसांत पोट जड होणे, भूक मंदावणे या तक्रारी वाढतात, आणि घरोघरी कडू पाण्याची आठवण होते.

कडू पदार्थाचा उपयोग मुळात जिभेपासून सुरू होतो. कडू चव लागताच तोंडास पाणी सुटते आणि मज्जातंतूंच्या द्वारे जठरातील पाचकरसांनाही चालना मिळते, असे मानले जाते. आयुर्वेदाने तिक्त रसास दीपन म्हणजे अग्नी प्रज्वलित करणारा म्हटले आहे, ते याच अनुभवावरून. म्हणूनच हे पाणी जेवणापूर्वी घ्यावयाचे असते. त्यात मूठभर गूळ घालून कडूपणा मारणे, किंवा तीच पूड कॅप्सूलमधून गिळणे, म्हणजे निम्मा हेतू वाया घालविणे होय. युरोपात जेन्शियन नावाच्या कडू मुळीचा अर्क मद्यात मुरवून जेवणाआधी घेण्याची जुनी चाल आहे. आपले खरे काडेकिराईत त्याच जेन्शियनच्या कुळातील असून ते हिमालयात होते. भुईनिंब त्या कुळातला नव्हे. तो अडुळशाचा भाऊबंद आहे. बाजारात काडेकिराइताच्या नावावर भुईनिंब सर्रास विकला जातो, हेही येथे नमूद करणे योग्य ठरेल.

वनस्पतीची ओळख पटविणे हे पहिले काम. भुईनिंबाचा दांडा चौकोनी असतो, पाने भाल्याच्या पात्यासारखी निमुळती, फुले लहान, पांढरी व जांभळट ठिपक्यांची. पानाचा कण जिभेवर ठेवला तरी कडवटपणा बराच वेळ जात नाही. तथापि केवळ कडू लागले म्हणून कोणतेही रोपटे उपटून आणू नये. ते जाणत्या माणसास दाखवावे.

फुले येऊ लागताच झुडूप जमिनीपासून चार बोटे वर कापावे, धुवावे, सावलीत वाळवावे आणि कोरड्या बरणीत ठेवावे. कडक उन्हात वाळविल्यास पाने काळवंडतात. रात्री चिमूटभर, म्हणजे सुमारे १ ग्रॅम, वाळलेला पाला चुरून कपभर उकळून निवविलेल्या पाण्यात भिजत घालावा. सुंठेचा लहानसा तुकडा व थोडा ओवा घातल्यास वायूवर बरे पडते. भांडे काचेचे, चिनीमातीचे किंवा स्टीलचे असावे. सकाळी गाळून, जेवणापूर्वी पाव तास, दोन लहान चमचे घ्यावे. आयुर्वेदात अशा रात्रभर भिजविलेल्या पाण्यास हिम म्हणतात. ते त्याच दिवशी संपवावे, शिळे ठेवू नये. आठ-दहा दिवसांत फरक न पडल्यास ते थांबवून डॉक्टरांस दाखवावे.

गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हे पाणी घेऊ नये. लहान मुलांना देऊ नये. मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नये, कारण भुईनिंबाने त्या औषधांचा परिणाम वाढू शकतो. ज्यांना जठरव्रण किंवा फार आम्लपित्त आहे, त्यांचा त्रास कडू पदार्थाने वाढण्याचा संभव असतो. घरगुती म्हणून निर्धोक, हा समज बरोबर नाही. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांना यकृताचा दाह झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने तो दोष गुळवेलीचा नसून तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीचा असू शकेल, असे सांगितले. वाद काही असो, ओळख चुकल्यास काय होते याचा विचार दोन्ही पक्षांत आहे.

या भागात आणखी एक गोष्ट फार जपावी लागते. मूल डोळ्यांनी पिवळे दिसते, पोट दुखते म्हणते, आणि घरची मंडळी कावीळ समजून त्यास कडू काढा पाजत राहतात. मध्य भारताच्या या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तरोग आढळतो. त्यातही डोळे पिवळे होतात, पोटात व सांध्यांत कळा येतात. अशा मुलाला भुईनिंबाने काही गुण येत नाही; उलट मोलाचे दिवस मात्र जातात. या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. तीत रक्ताची तपासणी केली जाते. शिक्षकांनी वर्गात वारंवार पोट दुखून घरी जाणारी मुले हेरून पालकांना आरोग्य केंद्रात पाठवावे. रक्ताची उलटी, काळे शौच, सतत ताप किंवा झपाट्याने घटणारे वजन असल्यास मोठ्या माणसानेही काढ्याची वाट पाहू नये.

राहता राहिला रानाचा प्रश्न. भुईनिंब बियांवर वाढतो, आणि फुलावर असतानाच सगळा उपटून नेला तर पुढच्या वर्षी तेथे तो दिसणार नाही. म्हणून दर ठिकाणी काही झुडपे शेंगा पिकून फुटेपर्यंत तशीच सोडावीत. त्याहून सोयीचे म्हणजे, पिकलेल्या शेंगांतील बारीक बी जपून ठेवावे, मे-जूनमध्ये वाफ्यात पेरावे आणि पावसाने जमीन भिजली की परसात किंवा बांधाच्या सावलीकडील बाजूस वीतभर अंतराने रोपे लावावीत. तीन-चार महिन्यांत ती कापणीस येतात, आणि एका घराला दहा-बारा झुडपे वर्षभर पुरतात.