पुरुषांचं अत्तर: विकण्याआधी अंगावर लावून बघू या



पाडव्याला नवऱ्याला आणि भाऊबीजेला भावाला आपण ओवाळतो, पण त्यांच्या हातात द्यायला रुमालाशिवाय काही सुचत नाही. म्हणून गेल्या वर्षी दिवाळीच्या स्टॉलवर उटण्या-पणत्यांच्या जोडीला पुरुषांसाठी सेंट ठेवायचं आमच्या गटाने ठरवलं. तालुक्याच्या बाजारात एका विक्रेत्याने कागदाच्या पट्टीवर फवारून दाखवलं. लिंबासारखा ताजा, छान वास होता. "चोवीस तास टिकतो," तो म्हणाला. २५० रुपयांना एक, अशा २४ बाटल्या, म्हणजे गटाचे ६,००० रुपये. आम्ही ठराव लिहायलाच बसलो होतो.

तेव्हा गटातल्या एक काकू म्हणाल्या, "कागद कुठं शेतात जातो? माणसाच्या अंगावर लावून बघा."

मग आम्ही एकच बाटली घेतली आणि सोबत वाळ्याच्या अत्तराची एक लहान कुपी. घरातल्या चार पुरुषांना सकाळी सात वाजता लावलं. एका मनगटावर सेंट, दुसऱ्यावर अत्तर. दर दोन-तीन तासांनी वास घेऊन वहीत लिहिलं. वास घ्यायचा तो दुसऱ्याने, कारण ज्याने लावलंय त्याच्या नाकाला थोड्याच वेळात सवय होते आणि वास गेला असं त्याला वाटतं.

अकरा वाजता चौघांच्याही मनगटावरचं सेंट उडालेलं होतं. वाळा मात्र तिघांच्या हाताला संध्याकाळीही मंद येत होता. चौथे दिवसभर पाण्यात काम करणारे, त्यांचा दुपारीच गेला. एका भावजींच्या मनगटावर सेंटच्या जागी लाल पुरळ उठलं, ते लगेच साबणाने धुवून टाकलं.

असं का होतं? सुगंधाचे तीन थर असतात. पहिला लिंबू-संत्र्यासारखा हलका, तो साधारण अर्ध्या तासात उडतो. मधला फुलांचा किंवा मसाल्याचा, तो काही तास राहतो. तळाचा चंदन, वाळा, कस्तुरीसारखा जड, तो सगळ्यात शेवटी जातो. दुकानात आपण फक्त पहिला थर हुंगतो आणि पैसे देऊन मोकळं होतो!

दुसरं कारण म्हणजे सुगंधाचं प्रमाण. स्प्रेच्या बाटलीत बहुतेक भाग अल्कोहोल असतं. 'कोलोन'मध्ये सुगंधी तेल साधारण २ ते ५ टक्के, 'ओ द त्वालेत'मध्ये ५ ते १५ टक्के आणि 'ओ द परफ्यूम'मध्ये १५ ते २० टक्के असतं. तेल जास्त तर वास जास्त वेळ. अत्तरात अल्कोहोल नसतं, ते तेलातच असतं, म्हणून सावकाश उडतं.

वाळा आपल्याला माहीतच आहे. उन्हाळ्यात आपण तो माठात टाकतो. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला त्याच्या मुळ्या तांब्याच्या मोठ्या देगेत पाण्यात उकळतात आणि वाफ थंड करून अत्तर काढतात. वास मातीसारखा, गार, न ओरडणारा. रुबाबदार सुगंध म्हणजे उग्र नव्हे. माणूस जवळ आल्यावर कळावा, एसटीत शेजाऱ्याचं डोकं दुखू नये.

आता वापरून बघायची रीत सांगतो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस थांबा. खाज आली तर नको. एका वेळी दोनच वास बघा, जास्त हुंगले की नाक गोंधळतं. लावल्यावर मनगटं एकमेकांवर चोळू नका. कोरड्या कातडीवर वास लवकर जातो, म्हणून आधी किंचित खोबरेल लावावं. पांढऱ्या सदऱ्यावर तेलकट अत्तर लावू नका, डाग पडतो. स्प्रे चुलीजवळ किंवा देवाच्या दिव्याजवळ कधीच मारू नका, तो पेट घेतो. बाटली उन्हात ठेवू नका.

विकायचं असेल तर लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तारीख आणि किंमत बघा. मोठ्या कॅनमधून घेऊन घरी बाटल्या भरून आपलं लेबल लावायला परवाना लागतो, तो नसेल तर सीलबंद मालच विका. शुद्ध वाळ्याचं तेल फार महाग असतं, स्वस्त कुपीत इतर तेल मिसळलेलं असतं. म्हणून गिऱ्हाइकाला 'शुद्ध' सांगू नका.

आम्ही शेवटी वाळ्याच्या १२ सीलबंद कुप्याच आणल्या. स्टॉलवर एक कुपी उघडी ठेवली. "हाताला लावा, बाजार फिरून या, मग घ्या," असं सांगत होतो. बरेच जण खरंच परत आले. अकरा कुप्या खपल्या. ती उघडी राहिलेली काकूंनी रोख पैसे देऊन काकांसाठी नेली.

सेंटवर गेले २५० रुपये, वाचले बाकीचे ५,७५०. ते पैसे आपल्या महिन्या-महिन्याच्या बचतीचे होते. कोणताही माल गटात आणण्याआधी एक दिवस थांबून तो वापरून बघा, वहीत लिहा आणि मगच ठराव करा.