स्पीकरच्या मागे ते गोल भोक कशासाठी असतं?

घरातला स्पीकर वळवून बघा. बऱ्याच स्पीकर्सना मागे किंवा पुढे एक गोल भोक असतं. स्पीकर गरम होऊ नये म्हणून ते ठेवलंय, असं अनेकांना वाटतं. पण त्याचं खरं काम आहे बेस वाढवण्याचं.

स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो, तेव्हा जितका आवाज पुढे जातो तितकाच मागे, खोक्याच्या आतही तयार होतो. बंद खोक्यात तो वाया जातो. तो कामाला लावण्याच्या युक्तीचं पेटंट अमेरिकेतल्या बेल लॅब्सच्या अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये मिळालं.

युक्ती काय?

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की घुमणारा आवाज येतो. स्पीकरमध्येही तेच होतं. भोकाच्या आत एक नळी असते, तिला पोर्ट म्हणतात. खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी दाबली जाते आणि नळीतली हवा एका ठरावीक खालच्या सुराला जोरात हलते. तिथे बेस वाढतो आणि पडद्यालाही कमी हलावं लागतं.

मग अडचण कुठे येते?

आवाज वाढवला की नळीतल्या हवेचा वेगही वाढतो. नळीची कड धारदार असेल, तर तिथे हवेचे भोवरे तयार होतात आणि गाण्यात 'फस्स फस्स' ऐकू येतं. आणखी आवाज वाढवला, तरी बेस त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून हवेचा वेग सेकंदाला साधारण १७ मीटर, म्हणजे ताशी ६१ किलोमीटरच्या आत ठेवावा, असा एक ढोबळ नियम आहे.

नळी मोठी केली तर?

वेग कमी होतो. पण व्यास दुप्पट केला, तर तोच सूर राखायला लांबी जवळपास चौपट करावी लागते. एवढी नळी छोट्या खोक्यात मावत नाही. त्यामुळे कंपन्या नळीची टोकं कर्ण्यासारखी पसरट करतात. ब्रिटनच्या बॉवर्स अँड विल्किन्सने तर पोर्टच्या कडेला गोल्फच्या चेंडूसारखे खळगे दिले.

तुमच्या स्पीकरचं भोक मागे असेल, तर तो भिंतीला चिकटवून ठेवू नका. थोडा पुढे ओढा आणि तेच गाणं पुन्हा लावून बघा.