पंखा मंदावला, म्हणून भंगारात?

रेग्युलेटर पाचावर आहे, तरी पंखा रेंगाळतोय. कधीकधी तर काठीने पातं ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही. अशा पंख्यात दोष बहुधा कपॅसिटरचा असतो, आणि ती डबी शंभराच्या आत मिळते.

घरातल्या सिंगल फेज विजेवर ही मोटर आपण होऊन फिरू लागत नाही. कपॅसिटर दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह थोडा पुढे सरकवतो, त्यातून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डबीत प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. व्होल्टेज अचानक वाढलं की फिल्मला एखादं सूक्ष्म भोक पडतं आणि त्याभोवतीचा धातू वाफ होऊन उडतो. शॉर्टसर्किट टळतं, पण क्षमता किंचित घटते. असं होत होत 2.5 मायक्रोफॅरडची डबी दीडवर येते. नवी डबी त्याच आकड्याची घ्या. मोठी लावून वेग वाढवण्याचा उद्योग वाइंडिंगच्या मुळावर येतो.

मेन स्विच बंद करून पातं हाताने फिरवा. खरखरलं तर बेअरिंग; तेही किरकोळ काम. जळका वास आला तर मात्र वाइंडिंग गेलं. तिथे मी नवा बीएलडीसी पंखा घेईन. जुना साधारण 75 वॉट खातो, हा 30च्या आसपास. रोज 12 तास चालला तर महिन्याला 16 युनिट वाचतात. पाहुण्यांच्या खोलीत, वर्षातून चार दिवस फिरणाऱ्या पंख्याला रिवाइंडिंगच बरं. शिवाय बीएलडीसीचा सर्किट बोर्ड गेला, तर नाक्यावरचा इलेक्ट्रिशियन हात वर करतो. वॉरंटी किती वर्षांची, ते दुकानातच विचारा.